जर्मनीतला घटस्फोट आणि दाजींकडची उधारी: एकत्र मिटवू की वेगवेगळं?

ओतारी_उद्यमबाग

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

उद्यमबागला आमची छोटी फौंड्री आहे, वडिलांनी घातलेली. पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या बॉड्या ओततो, थोडं मशिनिंग करून देतो. धाकट्या बहिणीचं लग्न २०१७ ला इथंच बेळगावात झालं. सप्तपदी वगैरे सगळं रीतसर, सब-रजिस्ट्रारकडं नोंदसुद्धा आहे. दाजी निपाणीकडचे, स्टुटगार्टला इंजिनिअर. मुलगा २०२० चा, तिकडंच जन्मलेला, पासपोर्ट भारतीय.

२०२१ ला दाजींनी तिथल्या एका भागीदाराबरोबर कंपनी काढली, जीएमबीएच, म्हणजे आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी. माल भारतातून घ्यायचा आणि तिथल्या पंपवाल्यांना द्यायचा. पहिली ऑर्डर अर्थातच आम्हाला. घरातलाच माणूस म्हटल्यावर मी ॲडव्हान्स मागितला नाही, एलसी (बँकेची पैशांची हमी) मागितली नाही, निर्यातीचा विमाही उतरवला नाही. विमावाला दोनदा येऊन गेला होता. त्याला मी हसत म्हटलं, अहो गिऱ्हाईक म्हणजे आमचे दाजी, विमा कसला उतरवताय.

पहिल्या लॉटचे पैसे दोन महिन्यांत आले. दुसरा आणि तिसरा लॉट मिळून १,२४० नग, ३८,४०० युरो, जानेवारी २०२३ मध्ये न्हावाशेवाहून गेले. नव्वद दिवसांची उधारी. एप्रिल गेला, मे गेला. "इकडं मंदी आहे, थोडं थांबा." ऑक्टोबरला एकदम ईमेल आला की २१२ नगांत ब्लोहोल, म्हणजे ओतकामात राहिलेली हवेची भोकं, निघाले, म्हणून बिलातून ९,९०० युरो कापल्याची डेबिट नोट. सोबत दोन फोटो, त्यात हीट नंबरही (कोणत्या ओतणीचा माल ते सांगणारा) दिसत नाही. उरलेल्या पैशांबद्दल एक शब्द नाही. इकडं बँकेवाले पाठीमागं लागलेत. तेव्हाच्या नियमानं नऊ महिन्यांत निर्यातीचे पैसे यायला हवे होते, आमची नोंद अजून उघडीच आहे.

मे २०२४ ला बहीण मुलाला घेऊन सुट्टीला म्हणून आली, ती परत गेली नाही. कारणं तिची आहेत, इथं लिहीत नाही.

आता खरी गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी दुपारी घरी कोर्टाचा बेलिफ आला. मी कारखान्यात, बहीण मुलाला आणायला शाळेत. बेलिफ कन्नडमधून बोलत होता, आई मराठीतून उत्तरं देत होती, आणि दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. आईनं त्याला चहा दिला. तिला वाटलं, घरपट्टीचं काहीतरी असेल. बहीण आल्यावर त्यानं पाकीट तिच्या हातात दिलं, सही घेतली आणि गेला. वर जिल्हा न्यायालयाचं कन्नड पत्र. मला कन्नड फडाफडा बोलता येतं, वाचताना मात्र बोट ठेवावं लागतं. त्याखाली इंग्रजी भाषांतर, त्याखाली मूळ जर्मन. स्टुटगार्टच्या कौटुंबिक न्यायालयात दाजींनी घटस्फोट मागितलाय.

त्याच आठवड्यात दाजींचे काका निपाणीहून आले. म्हणाले, "बिलाचं तुम्ही विसरा, आम्ही पोरीला एकरकमी काहीतरी देतो, दोन्ही फाइली एकदम बंद." मला राग आला. पण खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात हिशेबही झाला.

कुणी म्हणतंय जर्मन नोटीस फाडून टाका, तिथला घटस्फोट इथं चालतच नाही. कुणी म्हणतंय सही करून बहिणीनं चूक केली. आमच्या प्रत्येक बिलावर खाली छापलेलं आहे, "सर्व वाद बेळगाव न्यायालयाच्या अधिकारात". मग बिलाचा दावा इथंच लावू का? आणि काका म्हणतात तसं दोन्ही एकत्र मिटवण्यात काही गैर आहे का? जाणकारांनी सांगा.


नाना_टिळकवाडी

कसला विचार करताय? ४९८अ, बायकोच्या छळाचं कलम, ठोका, सासू-सासऱ्यासकट सगळ्यांवर. पासपोर्ट जप्त झाला की जावई आपोआप पहिल्या विमानानं येतो. आमच्या गल्लीत एकाला असाच आणला होता.


वकील_कॅम्प

नाना, ४९८अ आता नव्या घटनांना राहिलं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे, त्याआधीच्या घटनांना मात्र जुनंच कलम लागतं. छळ झाला असेल तर तक्रार जरूर करावी, आणि ती बेळगावात करता येते. सासर सोडून बाई जिथं आसऱ्याला येते तिथल्या कोर्टालाही अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं रूपाली देवी प्रकरणात २०१९ ला सांगितलंय. पण घटना सगळ्या जर्मनीत घडल्या असतील तर चौकशी आणि खटल्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागू शकते. पासपोर्ट जप्त करणं पासपोर्ट अधिकाऱ्याच्या हातात असतं, ठाण्यातल्या फौजदाराच्या नव्हे. आणि झालंच नसेल तर निव्वळ दबावासाठी निपाणीच्या म्हाताऱ्या सासूला आरोपी करू नका. अशा केसमध्ये पुढं तडजोडीचा कागद करताना काय काय गिळावं लागतं ते मी पाहिलंय.

आता ओतारी, तुमच्याकडं.

बहिणीनं सही केली ते बरोबरच केलं. सही म्हणजे कागद मिळाल्याची पोच, संमती नव्हे. कागद नाकारला असता तरी बजावणी झाली असंच धरलं गेलं असतं. परदेशी कोर्टाचे कागद बजावण्यासाठी १९६५ चा हेग करार आहे, आपल्याकडं तो २००७ पासून लागू आहे. जर्मनीहून कागद दिल्लीला कायदा मंत्रालयात येतात, तिथून जिल्हा न्यायालयात, तिथून बेलिफ. म्हणून तुमच्या पाकिटात तीन भाषा निघाल्या. थेट पोस्टानं बजावणी करायला भारताची हरकत आहे, त्यामुळं आधी एखादं कुरिअर किंवा व्हॉट्सॲपवर पीडीएफ आलं असेल तर त्याला तेवढी किंमत नाही. बेलिफनं दिलं ते मात्र खरं. त्यातली उत्तराची मुदत आजच बघा.

"तिथला घटस्फोट इथं चालत नाही" हे अर्धं खरं. वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी, १९९१. लग्न तिरुपतीला, नवऱ्यानं घटस्फोट आणला अमेरिकेतल्या मिसुरीतून, कारण काय तर संसार पार मोडलाय. सर्वोच्च न्यायालयानं तो मानला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ चा अर्थ त्यांनी असा लावला की ज्या कायद्यानं लग्न झालं, त्या कायद्यातलं कोर्ट आणि त्या कायद्यातलं कारण हवं. हिंदू विवाह कायद्यात "संसार मोडला" एवढंच कारण नाही. जर्मनीत तेच मुख्य कारण आहे. त्यामुळं बहिणीच्या संमतीशिवाय आलेला जर्मन हुकूमनामा इथं आव्हान देण्याजोगा राहील. तिथं दाजी मोकळे, इथं नवरा. पण त्याच निकालात अपवादही सांगितलाय: दुसऱ्या पक्षानं खुशीनं संमती दिली असेल तर परदेशी हुकूम इथं मानला जातो.

बहिणीला बेळगावातही अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीपासून बायको जिथं राहते तिथलं कोर्ट चालतं, तुमच्या बाबतीत तर लग्नही इथलंच. अंतरिम पोटगी मागता येते. अडचण एकच, पगार स्टुटगार्टला आणि हुकूम बेळगावचा. दाजींच्या नावावर निपाणीला काही शेतजमीन, घर असेल तर उतारे काढून ठेवा.


खानापूरची_लेक

दादा, मी मूळची खानापूरची, अकरा वर्षं न्यूर्नबर्गला. माझ्या इथल्या एका मैत्रिणीबरोबर मी हे सगळं पायरी पायरीनं बघितलंय, म्हणून लिहिते. वकीलसाहेबांचं बरोबर आहे, पण ते बेळगावातून बघतायत. इकडून थोडं वेगळं दिसतं.

पहिलं म्हणजे अर्ज कोर्टात कधी दाखल झाला ती तारीख शोधा. इंग्रजी भाषांतरात पहिल्या-दुसऱ्या पानावर असेल. युरोपच्या नियमानं नवराबायकोचं शेवटचं एकत्र वास्तव्य संपून वर्ष व्हायच्या आत अर्ज पडला आणि एकजण अजून तिथंच राहत असेल तर जर्मन कायदा लागतो. वर्ष उलटलं असेल आणि दोघं भारतीय नागरिक असतील तर जर्मन न्यायाधीश हिंदू विवाह कायदा उघडून बसतो. खरंच सांगते, थट्टा नाही.

दुसरं, नोटीस फाडायचा विचार सोडा. इकडं फेरजोर्गुंग्स-आउसग्लाइश नावाचा प्रकार आहे. नाव म्हणायला मला दोन वर्षं लागली. लग्नाच्या काळात दोघांनी मिळवलेले पेन्शनचे हक्क घटस्फोटाच्या वेळी निम्मे-निम्मे होतात. जर्मन जोडप्यांत कोर्ट ते आपणहून करतं. दोघंही भारतीय असतील तर ते अर्ज केल्यावरच होतं. म्हणजे तुमची बहीण गप्प बसली तर घटस्फोट होईल आणि २०१७ पासूनच्या दाजींच्या पेन्शनचा अर्धा वाटा कुणी विचारणारही नाही. तो अर्ज करायला तिथला वकील लागतो. नुसती संमती द्यायला वकील लागत नाही, म्हणून पुष्कळ जणी "हो" म्हणून मोकळ्या होतात आणि हे राहून जातं. पैसे नसतील तर कोर्टाकडून वकिलाच्या खर्चाची मदत मिळते, तिचा फॉर्म वेगळा असतो, परदेशात राहणाऱ्या पक्षालाही तो भरता येतो.

तिनं इकडं नोकरी केली होती का? विचारते अशासाठी की मूल इकडं वाढवलं तर पहिली तीन वर्षं आईच्या पेन्शन खात्यात धरतात. किमान पाच वर्षं भरली की म्हातारपणी पेन्शन मिळते. भारत-जर्मनीचा सामाजिक सुरक्षेचा करार २०१७ पासून आहे, ती पेन्शन बेळगावात बसून घेता येते.

तिचा राहण्याचा परवाना नवऱ्याच्या आधारावरचा असेल तर सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यानं तो बहुतेक संपला. म्हणजे "वाटलं तर परत जाईन" हा दरवाजा आपोआप उघडा नाही, हे तिला माहीत आहे का बघा.

आणि मुलाचं. जर्मनी मुलं पळवण्यासंबंधीच्या हेग कराराचा सभासद आहे, भारत नाही. त्यामुळं जर्मन कोर्टानं "मुलाला परत आणा" म्हटलं तरी इथं ते तसंच्या तसं लागू होत नाही. पण मुलाला घेऊन युरोपात पाय ठेवण्याआधी वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

रागावू नका, पण एक विचारू का? एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये बहिणीला काय हवंय ते कुठं आलंच नाही. ३८,४०० मात्र दोनदा वाचलं असं वाटलं.


वकील_कॅम्प

पेन्शनचं मला ठाऊक नव्हतं. लिहून घेतलं.

मुलाबद्दल एवढंच, आपली कोर्टं मुलाचं हित सर्वांत वर धरतात, परदेशी हुकूम हा त्यातला एक मुद्दा असतो. नित्या आनंद राघवन प्रकरण, सर्वोच्च न्यायालय, २०१७. तेव्हा बापाशी व्हिडिओ कॉल बंद करू नका. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी लावून द्या आणि डायरीत नोंद ठेवा. मूल लपवलं असा आरोप झाला की सगळी सहानुभूती जाते.


वखारवाला_निपाणी

आम्ही तंबाखूवाले, पण बेल्जियमच्या एका गिऱ्हाइकानं आम्हाला असंच टांगलं होतं, त्यामुळं बिलाच्या भागावर बोलतो. लग्नाचं वकीलसाहेब आणि आमच्या खानापूरच्या ताई बघतील.

१. बिलावर छापलेलं "बेळगाव न्यायालय" वाचून आपली छाती फुगते, मला माहीत आहे. आमच्याही बिलावर आहे. पण इथला हुकूमनामा जर्मनीत नेऊन सरळ वसुली होत नाही. ज्या देशांशी तशी देवाणघेवाण आहे त्यांची यादी आपल्या सरकारनं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली काढलीय. यूके आहे, सिंगापूर आहे, २०२० पासून युएई आहे. जर्मनी नाही. दाजींच्या कंपनीची बेळगावात एक खुर्चीसुद्धा नसेल, तर इथं जिंकून काय जप्त करणार?

२. त्यांची पर्चेस ऑर्डर काढा. पुढचं पान नव्हे, शेवटचं, बारीक अक्षरातलं. तिथं जर्मन कायदा आणि तिथलं कोर्ट लिहिलंय का? आणि त्यावर तुमचा शिक्का आहे का? हे फार मोठं आहे. नुसतं "जर्मन कायदा" असेल तर त्यात संयुक्त राष्ट्रांचा मालविक्रीचा करार आपोआप येतो. भारत त्यात नाही, जर्मनी आहे. त्या करारात गिऱ्हाइकानं माल लवकरात लवकर तपासायचा आणि दोष कळल्यावर वाजवी वेळेत कोणता दोष ते स्पष्ट लिहून कळवायचं. नाही कळवलं तर हक्क गेला. कायदा ठरलेलाच नसेल तर तिथलं कोर्ट बहुधा विकणाऱ्याच्या देशाचा, म्हणजे आपला १९३० चा मालविक्री कायदा लावील. त्यातही वाजवी वेळ माल ठेवून घेतला आणि नाकारला नाही तर स्वीकारला असं धरतात. पण तेवढ्यानं दोषाची भरपाई मागायचा त्यांचा हक्क जात नाही, हा फरक आहे.

३. कंपनी जिवंत आहे का ते आधी बघा. जर्मनीची कंपन्यांची नोंदवही २०२२ पासून ऑनलाइन फुकट बघता येते. जीएमबीएच म्हणजे कर्ज कंपनीचं, दाजींचं स्वतःचं नव्हे. म्हणूनच काकांचा प्रस्ताव कागदावर बसत नाही. पैसे देणं लागते कंपनी तुमच्या फौंड्रीला, आणि पोटगी देणं लागतात दाजी तुमच्या बहिणीला. चार वेगळी माणसं आहेत ही, यातलं एकाचं दुसऱ्यात वळतं कसं करणार? भागीदारानं उद्या विचारलं की आमच्या कंपनीच्या देण्याच्या बदल्यात तुझा घटस्फोट कसा काय मिटला, तर?

४. विमा उतरवला नाहीत त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. गिऱ्हाइकानं मालाच्या दर्जावर वाद घातला की ईसीजीसी, म्हणजे निर्यातीचा विमा देणारी सरकारी कंपनी, थांबते, आधी गिऱ्हाइकाच्या देशातल्या कोर्टाचा निकाल तुमच्या बाजूनं आणा म्हणते. आम्ही ते भोगलंय.

५. स्वस्तातला उपाय. जर्मनीत उधारी वसुलीसाठी मानफेरफारेन म्हणून एक पद्धत आहे. फॉर्म भरायचा, पुरावा जोडायचा नाही, कोर्ट कंपनीला आदेश पाठवतं. दोन आठवड्यांत त्यांनी हरकत घेतली नाही तर पुढं वसुलीचा आदेश मागता येतो. हरकत घेतली तर नेहमीचा दावा. ज्यांचं जर्मनीत ठिकाण नाही अशा परदेशी धनकोंसाठी यातलं कोर्ट एकच, बर्लिनमधलं. त्या भागाचं नाव वेडिंग. घटस्फोटाच्या धाग्यावर वेडिंगचं कोर्ट सांगतोय, पण काय करू, नावच तसं आहे.

मुदत सांभाळा. आपल्या कायद्यानं तीन वर्षं पैसे देय झाल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२६. जर्मन कायद्यानं तीन वर्षं त्या सालच्या अखेरीपासून, म्हणजे ३१ डिसेंबर २०२६. कोणता कायदा हे ठरलेलं नाही तोवर एप्रिलच धरा.

आणि पुढच्या वेळी करारात लवाद घाला. १९५८ च्या न्यूयॉर्क करारात दोन्ही देश आहेत, लवादाचा निवाडा तिथं बजावता येतो. कोर्टाच्या हुकूमनाम्याचं तसं नाही.


ओतारी_उद्यमबाग

सगळ्यांचे आभार. नाना, तुमचेही.

पर्चेस ऑर्डर शोधली. पाचवं पान, जर्मनमध्ये, मुंगीएवढी अक्षरं. मोबाइलवर भाषांतर केलं. जर्मन कायदा, स्टुटगार्टचं कोर्ट. संयुक्त राष्ट्रांच्या कराराला नाही म्हटलेलं नाही. आणि खाली कोपऱ्यात आमच्या फौंड्रीचा गोल शिक्का आणि माझीच सही, जरा तिरकी. त्या दिवशी मी पाचही पानं एका दमात मारली असणार.

कंपनी जिवंत आहे. पत्ताही तोच.

घटस्फोटाचा अर्ज १४ एप्रिल २०२५ चा. म्हणजे बहीण मे २०२४ ला आली ते धरलं तरी वर्षाच्या आत, जर्मन कायदा. अर्जात लिहिलंय की दोघं जानेवारी २०२४ पासून एकाच फ्लॅटमध्ये वेगळे राहत होते. हे वाचून मी चिडलो, एकाच घरात वेगळं राहणं म्हणजे काय? आईसुद्धा म्हणाली, हे असलं कुठं असतंय का.

खानापूरच्या ताई, तुमची शेवटची ओळ मला लागली. लागायलाच हवी होती म्हणा. रात्री जेवणं झाल्यावर हा सगळा धागा बहिणीला वाचायला दिला. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचत होती, मी उगाच भांडी पुसत उभा. सगळं वाचून झाल्यावर म्हणाली, "अण्णा, जानेवारीपासून वेगळं राहत होतो हे खरं आहे. मी मुलाच्या खोलीत झोपत होते." मग म्हणाली, "तुम्ही सगळे माझा घटस्फोट होऊ नये म्हणून धडपडताय. मला तो पाहिजे आहे. फक्त फुकटात नको."

तिनं २०१८ आणि २०१९ पूर्ण दोन वर्षं तिथं एका लॅबमध्ये नोकरी केली होती. मुलाची तीन आणि तिची दोन, पाच भरतात, हे तिनं बोटांवर मोजून मला दाखवलं. परवाना संपलाय हे तिला गेल्या वर्षापासूनच ठाऊक होतं, आम्हाला सांगितलं नव्हतं.

मग मी माझ्या डेबिट नोटेचं विचारलं. म्हटलं, बघ कसे खोटे ब्लोहोल दाखवून पैसे कापतोय. ती गप्प बसली. मग म्हणाली, "अण्णा, ब्लोहोल खरे होते. पंपवाल्याकडून मशिनिंगवरून परत आलेलं पॅलेट आमच्या गॅरेजमध्ये होतं. मार्च महिना, मुलाची सायकल बाहेर काढायला ते सरकवावं लागायचं. मी हातात घेऊन बघितले आहेत."


वखारवाला_निपाणी

मार्च २०२३? मग ऑक्टोबरपर्यंत त्यांनी कळवलं का नाही? सात महिने! आत लपलेला दोष मशिनिंगलाच दिसतो, त्यामुळं वेळ मोजायची ती दोष दिसल्यापासून, आणि तो मार्चमध्ये दिसला याची साक्षीदार तुमच्याच घरात आहे. तुमची बाजू जड झाली.

पण एक प्रश्न, खरं उत्तर द्या, इथं नाही तर निदान वकिलाला. माल जाताना तुम्हाला हे माहीत होतं का? त्याच करारात पुढचं कलम आहे. विकणाऱ्याला दोष माहीत असून त्यानं सांगितला नसेल, तर "उशिरा कळवलं" हा मुद्दा त्याला घेता येत नाही.


वकील_कॅम्प

बहिणीला घटस्फोट हवा असेल तर माझ्या पहिल्या पोस्टमधलं अर्धं बाजूला ठेवा. तिथल्या वकिलामार्फत लेखी संमती द्या, पेन्शनचा अर्ज, पोटगी आणि मुलाच्या भेटी त्याच कामकाजात येऊ देत. संमती खुशीनं दिली हे रेकॉर्डवर स्वच्छ आलं पाहिजे, तेच पुढं इथं दाखवायचंय. हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत आणि भाषांतर करून ठेवा. तिला पुढं इथं लग्न करायचं झालं किंवा मुलाचा पासपोर्ट नवा करायचा झाला तर तो कागद लागेल.

बिलाच्या केसमध्ये ती साक्षीदार होणार असेल तर या दोन्ही फाइलींचा वकील एकच ठेवू नका.


ओतारी_उद्यमबाग

वखारवाले, प्रश्न बरोबर विचारलात. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही.

जानेवारीतला तो आठवडा मला आठवतो. वाळूत ओल जास्त होती, मोल्डिंगवाला म्हणत होता. फेटलिंगच्या (ओतलेला नग घासून साफ करण्याच्या) मिस्त्रीनं एक बॉडी माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि बोटानं टाचणीएवढं भोक दाखवलं. कंटेनर दुसऱ्या दिवशी भरायचा होता. मी म्हटलं, जाऊ दे, मशिनिंगमध्ये निघून जाईल. तो काही बोलला नाही, बॉडी उचलून परत रांगेत ठेवली. बावीस वर्षं आहे आमच्याकडं, वडिलांनी ठेवलेला माणूस.

त्या एका बॉडीवरून २१२ नगांचं मला माहीत होतं असं होतं का, ते वकील ठरवतील. काल कारखान्यात त्याला विचारलं, तुला आठवतंय का. म्हणाला, "आठवतंय की. तुम्ही विसरला असाल म्हटलं."

बहिणीनं न्यूर्नबर्गच्या ताईंकडून तिथल्या वकिलाचं नाव घेतलंय, ती स्वतःच ईमेलवर जर्मनमधून बोलतेय, मला वाचायला देत नाही. काकांना फोन करून सांगितलं की दोन फाइली दोनच राहतील. ते म्हणाले, पावणं, एवढं ताणू नका. मी म्हटलं, ताणत नाही, उलट सोडतोय. ९,९०० ची डेबिट नोट मान्य असल्याचं पत्र टाईप झालंय.

बर्लिनच्या फॉर्मवर २८,५०० लिहिलेत. धनकोच्या पत्त्याला "बेळगाव" लिहू की "बेळगावी", तेवढं कुणीतरी सांगा. बँकेत एक आहे, बिलावर दुसरं.